अर्धे वाक्य घेऊन फिरणाऱ्यांनी अख्खा हार्लन वाचावा

आरक्षणाचा विषय निघाला की समोरच्याच्या भात्यात काही ठरलेले बाण असतात. "अजून किती वर्षे?", "गुणवत्तेचे काय?", "आता जात पाळतो कोण?" त्यात अलीकडे एका अमेरिकन बाणाची भर पडली आहे. मध्यंतरी एका अभ्यासवर्गात एका तरुणाने मला मोबाइल दाखवला. त्याच्या वर्गमित्राने पाठवलेले चित्र होते. पांढरे केस, रुंद कपाळ, काळा झगा आणि खाली एकच वाक्य: 'आमची राज्यघटना रंगांध आहे' - न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन, १८९६. त्यावर मित्राचा शेरा असा, की काळ्यांच्या बाजूने एकटा उभा राहिलेला न्यायाधीशसुद्धा सांगतो कायद्याने रंग पाहू नये, मग आपल्याच कायद्याने जात का पाहावी? आमच्या तरुणाला उत्तर सुचले नव्हते. त्याने मान खाली घातली होती.

मान खाली घालण्याचे कारण नाही. उत्तर त्याच निकालपत्रात आहे, त्याच परिच्छेदात आहे.

त्या वाक्याच्या आधी हार्लन काय म्हणतो पाहा. तो म्हणतो, गोरा वंश स्वतःला या देशातला वरचढ वंश समजतो, आणि प्रतिष्ठा, कर्तृत्व, शिक्षण, संपत्ती, सत्ता या सगळ्यांत तो वरचढ आहेच. आपला थोर वारसा त्याने सांभाळला तर तो कायमचा तसाच राहील याबद्दल मला शंका नाही. मग येतो 'परंतु'. परंतु राज्यघटनेच्या नजरेत या देशात कोणी वरचढ, कोणी राज्यकर्ता वर्ग नाही. इथे जात नाही. आमची राज्यघटना रंगांध आहे, ती नागरिकांमधले वर्ग ओळखत नाही आणि खपवूनही घेत नाही.

'इथे जात नाही.' हार्लनने 'कास्ट' हाच शब्द वापरला आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रातून नेमके हेच वाक्य गळालेले असते. रंग पाहू नका असे तो सांगतो ते कशासाठी? देशात जात उभी राहू नये यासाठी. आपल्याकडे हे वाक्य मिरवणारे त्यातली जात काढून टाकतात आणि आंधळेपणा तेवढा ठेवतात. बरे, त्याच परिच्छेदातला गोऱ्यांच्या कायमच्या वर्चस्वाचा विश्वास? तोही चित्रात नसतो. तो छापला तर महापुरुषाच्या फोटोला डाग लागेल ना!

हा माणूस मुळात कोण होता, हे आपल्या पोरांना माहीत असायला हवे.

जन्म १ जून १८३३, केंटकी राज्यात. बाप जेम्स हार्लन वकील आणि राजकारणी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे गाजलेले सरन्यायाधीश जॉन मार्शल यांचे नाव त्याने मुलाला दिले, म्हणजे पोरगा कोर्टातच जाणार हे पाळण्यातच ठरलेले. घरात गुलाम होते. त्याच घरात रॉबर्ट हार्लन नावाचा गुलामीत जन्मलेला, मिश्र रक्ताचा मुलगा वाढला. तो जॉनचा सावत्र भाऊ असल्याची बोलवा आयुष्यभर होती. जॉन वकील झाला, १८५८ मध्ये फ्रँकलिन काउंटीचा न्यायाधीश झाला, १८५९ मध्ये काँग्रेसची निवडणूक ६७ मतांनी हरला. यादवी युद्ध पेटले तेव्हा तो संघराज्याच्या बाजूने लढला, स्वतः पायदळाची पलटण उभी केली. पण याचा अर्थ तो गुलामगिरीविरुद्ध लढला असा मुळीच नाही. लिंकनच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याला त्याचा विरोध होता. १८६४ मध्ये त्याने लिंकनविरुद्ध प्रचार केला. गुलामगिरी संपवणाऱ्या १३ व्या घटनादुरुस्तीलाही त्याने विरोध केला आणि ती लागू होईपर्यंत, म्हणजे १८६५ च्या डिसेंबरापर्यंत, घरचे गुलाम सोडले नाहीत. (त्याच्या केंटकी राज्याने या दुरुस्तीला मान्यता दिली १९७६ साली. हा छपाईचा दोष नाही, एकोणीसशे शहात्तरच.)

नंतर तो बदलला. केंटकीत कू क्लक्स क्लॅनची टोळकी मुक्त झालेल्या काळ्यांवर रात्रीबेरात्री तुटून पडत होती, ते त्याने जवळून पाहिले. रिपब्लिकन पक्षात गेला, १८७१ आणि १८७५ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभा राहिला, दोन्ही वेळा पडला. काल गुलामगिरीची बाजू घेत होतास, आज काय झाले, असे विरोधक भर सभेत विचारायचे. त्यावर त्याचे उत्तर असे होते की माझ्या बोलण्यात मेळ नाही असे म्हणा हवे तर, पण आज मी बरोबर आहे असे म्हटले जावे. राजकारण्याच्या तोंडून एवढी कबुली फार वेळा ऐकू येत नाही, म्हणून नोंदवतो.

पण लगेच हार घालायला धावू नका. १८७६ च्या पक्ष अधिवेशनात केंटकीची मते हेजकडे वळवण्यात त्याचा मोठा हात होता. हेज राष्ट्राध्यक्ष झाला आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभे असलेले लष्कर त्याने मागे घेतले. काळ्यांना मतपेटीपर्यंत जायला जो काय आधार होता तो गेला. लुइझियानातला सत्तेचा तंटा मिटवायला हेजने जे आयोग पाठवले, त्यात हार्लन सदस्य होता. त्याच वर्षाअखेर तो सर्वोच्च न्यायालयात बसला. काळ्यांचा आधार काढून घेणाऱ्या सौद्याच्या सावलीत त्याला ती खुर्ची मिळाली, हे विसरून चालणार नाही. त्या खुर्चीत बसून त्याने सहा वर्षांनी जे लिहिले, ते मात्र आपण पाठ केले पाहिजे. आणि ते १८९६ चे नाही, १८८३ चे आहे.

१ मार्च १८७५ ला अमेरिकन काँग्रेसने नागरी हक्कांचा कायदा केला होता. दोन वर्षांपूर्वीच इकडे पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला होता. या कायद्याचे म्हणणे साधे होते. खानावळी-सराया, जमिनीवरची आणि पाण्यावरची सार्वजनिक वाहने, नाटकगृहे आणि करमणुकीच्या जागा यांचा उपभोग प्रत्येक वंशाच्या आणि रंगाच्या माणसाला सारखाच मिळाला पाहिजे, तो पूर्वी गुलाम असो वा नसो. नाकारणाऱ्याने ज्याला नाकारले त्याला ५०० डॉलर द्यावेत, वर दंड किंवा कैद.

कायदा कागदावर आला आणि खटले सुरू झाले. कॅन्सस आणि मिसुरीत काळ्या माणसाला सरायीच्या सोयी नाकारल्या. सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कमध्ये नाटकगृहाच्या दारातून परत पाठवले. टेनेसीत एका बाईंकडे पहिल्या वर्गाचे तिकीट होते, सोबत उजळ रंगाचा भाचा होता. कंडक्टरला तो गोरा वाटला, काळी बाई गोऱ्या तरुणासोबत म्हणजे चालचलणूक ठीक नसणार, असे त्याने ठरवून टाकले आणि बाईंना स्त्रियांच्या डब्यात बसू दिले नाही. ही पाच प्रकरणे एकत्र झाली. १५ ऑक्टोबर १८८३ ला निकाल लागला. आठ विरुद्ध एक. कायद्याची मुख्य कलमे घटनाबाह्य ठरली.

निकाल लिहिला न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी. त्यांचा युक्तिवाद असा: १४ वी दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खासगी माणसाला नाही. सरायवाल्याने दार लावले तर तो त्याचा खासगी मामला. १३ व्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली, पण प्रत्येक भेदभावाला गुलामगिरी म्हणत बसणे म्हणजे तो मुद्दा ताणणे होय. आणि मग ते वाक्य, जे वाचताना मला दर वेळी आपल्या गल्लीतला आवाज ऐकू येतो. गुलामीतून बाहेर आलेल्या माणसाच्या प्रगतीत कधीतरी अशी पायरी यायलाच हवी की तो साधा नागरिक होईल आणि कायद्याचा खास लाडका राहणार नाही.

खास लाडका! १८६५ ते १८८३, अठरा वर्षे. अडीचशे वर्षे माणसे विकली, आणि अठराव्या वर्षी कोर्ट विचारते, अजून किती दिवस लाड करायचे? आणि लाड तरी कोणता? कायद्यात काळ्यांसाठी वेगळी खुर्ची नव्हती, राखीव जागा नव्हती. तिकीट काढून गोरा जिथे बसतो तिथे बसू द्या, एवढेच होते. म्हणजे प्रस्थापिताला खुपते ते आरक्षणच, हा आपला समज चुकीचा आहे. त्याच्या शेजारी बसणे हीच त्याला खैरात वाटते. "किती वर्षे?" हा प्रश्न आरक्षणातून जन्मलेला नाही, तो आरक्षणाच्या आधीपासून तोंडपाठ आहे.

आठही न्यायमूर्ती एका बाजूला, त्यातले बहुतेक उत्तरेकडचे. एकटा हार्लन, गुलाम बाळगलेला, दक्षिणेच्या उंबरठ्यावरच्या राज्यातला, विरोधात. विरोधी निकालपत्र लिहायला बसला आणि अडला. त्याची पत्नी मल्विना हिने आपल्या आठवणींत लिहिले आहे, की घरात एक जुनी दौत होती, सरन्यायाधीश टेनी यांची. काळ्या माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व असूच शकत नाही असा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल टेनींनी याच दौतीतून लिहिला, असे तिला माहीत होते. ती दौत तिने लपवून ठेवली होती. नवरा अडला तेव्हा घासून-पुसून, शाई भरून त्याच्या टेबलावर ठेवली. आणि लेखणी चालू लागली. गोष्ट बायकोने सांगितलेली आहे, तेव्हा थोडे मीठ-मिरची असेलही. पण निकालपत्र समोर आहे, ते वाचता येते.

त्यात त्याने काय केले? तो भावनेच्या भरात गेला नाही, त्याने जुन्या चोपड्या उघडल्या. पळून गेलेल्या गुलामांना पकडण्याचा कायदा १७९३ चा. मालकाच्या आड येणाऱ्या कोणत्याही खासगी माणसाकडून मालकाला ५०० डॉलर वसूल करता येत होते. १८४२ मध्ये प्रिग खटल्यात याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की मालकाच्या हक्काच्या रक्षणासाठी असा कायदा करण्याचा अधिकार काँग्रेसला आहे. तेव्हा कोणी म्हटले नाही की हा खासगी मामला आहे! हार्लन विचारतो, मालकाचा गुलामावरचा हक्क राखण्यासाठी राष्ट्राचा हात खासगी माणसापर्यंत पोहोचत होता. आता गुलामाचे स्वातंत्र्य राखायची वेळ आली तर तोच हात आखूड कसा झाला? आणि रक्कम पाहिलीत? तेव्हाही ५०० डॉलर, आताही ५०० डॉलर. मालकासाठी चालले, काळ्यासाठी घटनाबाह्य.

पुढे तो सांगतो की सराय, रेल्वे, नाटकगृह हे कुणाच्या घरातले स्वयंपाकघर नाही. सरायवाल्याने आलेल्या प्रवाशाला जागा दिलीच पाहिजे हा इंग्रजी कायद्याचा जुनाच दंडक आहे. रेल्वे सार्वजनिक रस्ता आहे, नाटकगृह सरकारी परवान्यावर चालते. तिथे रंगावरून दार लावणे ही गुलामगिरीची खूण आहे, आणि गुलामगिरी नष्ट करण्याचा अधिकार दिला तेव्हा तिच्या खुणा पुसण्याचाही दिला. 'खास लाडक्या'ला त्याचे उत्तर शांत आहे: काळ्या लोकांना कायद्याचे लाडके म्हणणे न्यायाला धरून नाही, गोऱ्यांसाठी प्रत्येक राज्यात जे आधीच झालेले आहे, तेच त्यांच्यासाठी करण्याचा हा प्रयत्न आहे, त्याहून काही नाही.

'त्याहून काही नाही' हे शब्दही त्याचेच आहेत. म्हणून मी असे म्हणणार नाही की हार्लन आज असता तर आरक्षणाच्या बाजूने असता. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचे शब्द घालणे हा धंदा समोरच्यांचा आहे, तो आपण करू नये. मी एवढेच म्हणतो की जातीच्या खुणा पुसायला कायद्याने हात घालावा, अगदी खासगी मालकाच्या दुकानातही, हे त्याचे म्हणणे होते. जो त्याचे 'रंगांध' वाक्य फेकतो त्याने हेही गिळावे.

१८९६ चे प्लेसी प्रकरण आपल्याकडे जास्त माहीत आहे, म्हणून थोडक्यात. लुइझियानाच्या १८९० च्या कायद्याने रेल्वेत काळे-गोरे वेगळे बसवले. न्यू ऑर्लिन्सच्या होमर प्लेसीने १८९२ मध्ये ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसून अटक करवून घेतली. सात विरुद्ध एक मतांनी कोर्टाने कायदा उचलून धरला. त्या कायद्यात एक सवलत होती: दुसऱ्या वंशाचे मूल सांभाळणाऱ्या दाईला तो लागू नव्हता. म्हणजे गोऱ्याचे मूल कडेवर असेल तर काळी बाई त्या डब्यात चालते. स्वतःचे तिकीट काढून आली तर बाटवते. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. आणि 'रंगांध' ही कल्पना हार्लनची एकट्याची नव्हे. प्लेसीचा वकील आल्बियन टूर्जे, स्वतः कधीकाळी उत्तर कॅरोलायनात न्यायाधीश होता, त्याने आपल्या लेखी युक्तिवादातच म्हटले होते की न्यायदेवता आंधळी दाखवतात, तर तिची मुलगी जी कायदा, तिने निदान रंगांध असावे. काळ्यांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलाचा शब्द न्यायाधीशाच्या नावावर गेला आणि आज काळ्यांविरुद्ध वापरला जातो.

आता हार्लनचे पाय मातीचे होते तेही सांगतो, कारण आपल्यातही परदेशी नाव दिसले की फोटो लावायची घाई असते. प्लेसीच्याच निकालपत्रात तो चिनी लोकांबद्दल लिहितो की हा वंश आपल्याहून इतका वेगळा आहे की आपण त्याला नागरिक होऊ देत नाही, आणि तरी चिनी माणूस गोऱ्यांच्या डब्यात बसू शकतो. १८९८ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या वाँग किम आर्क या चिनी वंशाच्या माणसाला कोर्टाने नागरिक मानले, तेव्हा हार्लन विरोधी मतात होता. १८९९ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे काळ्या मुलांचे हायस्कूल बंद केले, गोऱ्या मुलींचे चालू ठेवले. पालक कोर्टात गेले. त्यांच्याविरुद्धचा एकमुखी निकाल कुणी लिहिला? हार्लनने. 'इथे जात नाही' लिहून तीन वर्षे झाली होती.

१८८३ च्या निकालाची किंमत अमेरिकेने पुढे ऐंशी वर्षे मोजली. तो निकाल आजही रीतसर रद्द झालेला नाही. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा पुन्हा करावा लागला तेव्हा काँग्रेसला आडवाट धरावी लागली. अटलांटाच्या एका मोटेलमध्ये काळ्या माणसाला खोली मिळावी, हे कोर्टात राज्याराज्यांमधल्या व्यापाराच्या अधिकारावर टिकले. माणूस म्हणून त्याचा अपमान होतो, हे कारण पुरले नाही. तो प्रवास करतो, पैसे खर्च करतो, व्यापाराला खीळ बसते, हे कारण पुरले. आणि २०२३ मध्ये हार्वर्डच्या प्रकरणात महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करणे बंद केले, तेव्हा हार्लनचे प्लेसीमधले विरोधी मत बहुमताच्या बाजूने मोठ्या अभिमानाने पुढे आणले गेले. १८८३ मध्ये 'लाडके' म्हणून दार लावले, २०२३ मध्ये 'रंगांध' म्हणून.

इथे बाबासाहेबांकडे येतो, कारण हा धागा मी ओढूनताणून जोडत नाही, तो कागदावर आहे. १९३० मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना सादर केली. समान नागरिकत्वाच्या कलमापाशी त्यांनी अमेरिकेच्या १४ व्या दुरुस्तीचा आधार दिला. आणि हक्क नाकारणाऱ्याला शिक्षा देणाऱ्या कलमापाशी कोणता आधार दिला? अमेरिकेचे ९ एप्रिल १८६६ आणि १ मार्च १८७५ चे नागरी हक्क कायदे. म्हणजे अमेरिकन कोर्टाने मोडीत काढलेला, हार्लनने एकट्याने ज्याची पाठराखण केली, तोच कायदा. कोलंबियात शिकलेल्या माणसाने न्यायाधीशाचे गोड वाक्य उचलले नाही, मेलेला कायदा उचलला. खासगी माणूस भेद करतो तो खासगी मामला, हे ब्रॅडलींचे तत्त्व ज्या देशात लागू झाले असते तिथे अस्पृश्यतेला हात लावताच आला नसता, कारण अस्पृश्यता सरकार थोडेच पाळत होते? ती गाव पाळत होते.

म्हणून आपल्या घटनेत कलम १५ (२) आहे: दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा, विहिरी, तळी, घाट, रस्ते. मालक सरकार आहे की शेठजी, हे ते विचारत नाही. म्हणून कलम १७ आहे. म्हणून १९५५ चा कायदा आहे, ज्याचे आजचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम. हे सगळे १८८३ च्या विरोधी मताच्या बाजूला उभे आहे. आणि ब्रॅडलींचा आवाजही आपल्याकडे अधूनमधून कोर्टात येतोच. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने 'दुरुपयोग' हे कारण देऊन अॅट्रॉसिटी कायद्याच्या अटकेवर अटी घातल्या. तारीख वाचलीत ना? महाडच्या सत्याग्रहाची. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसे रस्त्यावर उतरली, आणि ऑगस्टमध्ये संसदेला १८-अ कलम घालून कायदा पूर्ववत करावा लागला. अमेरिकेतल्या काळ्यांना १८८३ नंतर ऐंशी वर्षे थांबावे लागले, आपल्याला पाच महिने. हा फरक कुण्या न्यायाधीशाच्या कृपेने पडलेला नाही.

त्या तरुणाला मी १९३० चे ते कलम काढून दाखवले. अमेरिकन मजकूर शेजारी ठेवून वाचले की बाबासाहेबांची लेखणी कुठे थांबली ते कळते. 'पूर्वी गुलाम असो वा नसो' याच्या जागी 'पूर्वी अस्पृश्य असो वा नसो' आले. अमेरिकेत जास्तीत जास्त एक वर्षाची कैद होती, ती पाच वर्षांपर्यंत गेली. आणि सराय, वाहन, नाटकगृह या यादीत असे काही शब्द आले जे अमेरिकन कायद्यात कुठेच नव्हते: शाळा, रस्ते, पायवाटा, तळी, विहिरी, पाणवठे. हे लिहिले जात होते तेव्हा चवदार तळ्याचा दावा महाडच्या कोर्टात अजून चालूच होता. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले.